भवानी पेठेनं मला मागितलं, त्याची गोष्ट

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. आणि चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल. माझ्या आयुष्यात पचके पुष्कळ झाले, पण हा एक असा, की तो मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता, मेहनत करून घडवून आणला!

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि सकाळी बास्केटबॉल खेळतो. शुक्रवार पेठेत आमचा चाळिशी ओलांडलेल्यांचा संघ आहे. मैदानावर दोन रिंग आहेत, त्यातली एक वाकडी. माझे चेंडू आत जात नाहीत, त्याचं कारण ती वाकडी रिंग. दुसऱ्या रिंगमध्ये का जात नाहीत, ते विचारू नका.

पेठापेठांचे सामने दिवाळीनंतर. उन्हाळ्यात खेळ बंद. सोलापूरचं ऊन, सकाळी आठलाच डोकं भाजून निघतं. मग आम्ही काय करतो? वाद घालतो! अमेरिकेतले सामने आम्ही सगळे मोबाइलवर बघतो. तिकडचा हंगाम संपला की कुठला खेळाडू कुठं जाणार, कुणाच्या बदल्यात कोण येणार, यावर आमच्या चहाच्या टपरीवर अशी भांडणं होतात, की तिकडच्या मालकांनी ऐकली तर आम्हाला पगारावर ठेवतील. "त्याचा गुडघा संपला, आता त्याला घेणार कोण?" असं जो ओरडून सांगतो, त्याला बाकावरून उठताना दोघांनी धरावं लागतं!

गेल्या उन्हाळ्यात ही हवा आमच्याच डोक्यात शिरली. तिकडं संघ आपसात खेळाडू बदलतात, मग पेठांनी का बदलू नयेत? सगळ्या कप्तानांनी मान डोलावली. झालं! अमेरिका राहिली बाजूला, टपरीवर एकच विषय. कोण कुठं जाणार?

आणि त्या विषयात एकच नाव. श्रीनू!

हा आमचा श्रीनू टॉवेलचा कारखाना चालवतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि उंची अशी की पंखा पुसायला याला स्टूल लागत नाही. हा रिंगखाली नुसता उभा राहतो, हात वर करतो, चेंडू आत. यात खेळ कुठं आला, मला सांगा! मी लांबून टाकतो, वळून टाकतो, उडी मारून टाकतो. कष्ट कुणाचे जास्त?

पण नाही! "श्रीनूला भवानी पेठ नेणार." "छे, श्रीनूला सोडून चालतंय होय?" "श्रीनूच्या बदल्यात दोघं तरी पाहिजेत." सकाळपासून श्रीनू, श्रीनू! आणि तो एका कोपऱ्यात बसून लाजत चहा पितोय. ते लाजणं बघून माझ्या अंगाची आग व्हायची. त्याची उंची सोडा, त्याच्या चपलांचा नंबर ऐकूनसुद्धा मला जळजळ व्हायला लागली होती.

माझं नाव? कुणी काढेल तर शपथ! अहो, मी कुणाला नको असेन, मान्य. पण 'मास्तर आम्हाला नको' असं म्हणायलासुद्धा कुणाला मी आठवू नये?

म्हणून मी एक काम केलं.

आमच्याकडं रफीकभाई म्हणून टेलर आहेत. सगळ्या पेठांच्या जर्सी तेच शिवतात, त्यामुळं सगळ्या पेठांच्या बातम्या त्यांच्या दुकानात. मी पँट आल्टर करायला म्हणून गेलो आणि जाता जाता हळूच म्हणालो, "ऐकलं का? भवानी पेठेला म्हणे मी पाहिजे आहे. पण कुणाला बोलू नका."

"नक्को फिकर करो मास्तर," रफीकभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, "अपने पेट मेंच रैती बात."

मी खूश! कारण रफीकभाईंच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे.

आठवड्याच्या आत न्हाव्यानं कात्री थांबवून विचारलं, "मास्तर, भवानी पेठेला निघालाव म्हणे?" मी गालातल्या गालात हसलो. मग बाजारात आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी विचारलं. मी म्हणालो, "बघू." मग बायको भिशीहून आली आणि दारातच म्हणाली, "अहो, भवानी पेठेचा तो इरण्णा तुमच्यासाठी दोन खेळाडू द्यायला तयार झालाय म्हणे. खरं का?"

मी चपापलो.

दोन खेळाडू? मी रफीकभाईंना एवढंच म्हणालो होतो, की मी त्यांना पाहिजे आहे. दोघांचा शब्द मी काढलाच नव्हता! आणि इरण्णा म्हणजे भवानी पेठेचा कप्तान, त्याचंही नाव मी घेतलं नव्हतं. मग हे आलं कुठून?

आता माझी अक्कल बघा. मी विचार केला, जी गोष्ट मी सांगितलीच नाही, ती माझी अफवा कशी असेल? म्हणजे ही बातमी वेगळी आहे. म्हणजे ही खरी आहे! मी उगाच थाप मारली आणि तिकडं त्यांनी मला खरंच मागितलं! गुण शेवटी लपत नाहीत हो!

"तुमच्या गुडघ्यांना विचारलंय का?" बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. मी नवे बूट घ्यायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी मुद्दाम उशिरा गेलो. सगळे गप्प झाले. काय सुख असतं महाराजा, आपण आलो की सगळे गप्प होण्यात! श्रीनू उठला, त्यानं माझा हात हातात घेतला. "अभिनंदन मास्तर! लई बरं वाटलं." आणि त्यानं स्वतःच्या कारखान्यातला एक झकास जाड टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. बिचारा! मी त्याच्या पाठीवर थोपटायला गेलो, हात कमरेपर्यंतच पोचला. म्हणालो, "नाराज होऊ नकोस. तुलाही कुणीतरी मागेल."

मग आमचा कप्तान नाना पुढं आला. नाना मूळचा करकंबचा, गावाकडं ऊस, इथं बी-बियाण्यांचं दुकान. दणकट गडी, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पार उतरलेला.

"मास्तर, इरण्णानं व्हय म्हनलं?" त्यानं विचारलं.

"असं ऐकतो," मी म्हणालो.

"म्हंजे तुमाला घ्यायाला त्यो तयार झाला? खरंच?"

"त्यात एवढं नवल काय, नाना?"

नाना मटकन बाकावर बसला. "न्हाय वाटलं वो मला, असं व्हईल. काय केलं म्या हे!" डोळ्यांत पाणी! नानाच्या! मला तर गहिवरून आलं. एवढा जीव आहे याचा माझ्यावर, आणि इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाही!

पुढच्या रविवारी मला निरोप द्यायचा ठरला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी भाषण केलं. म्हणालो, "मी जरी भवानी पेठेकडून खेळलो, तरी मन शुक्रवार पेठेतच राहील. सामन्यात तुमच्याविरुद्ध चेंडू टाकताना माझा हात थरथरेल." मागून कुणीतरी म्हणालं, "आत्ता तरी कुठं स्थिर असतोय?" मी तिकडं दुर्लक्ष केलं. नाना माझं भाषण ऐकताना सारखा श्रीनूकडं बघत होता आणि नाक ओढत होता. मी म्हटलं, माझ्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत नाही बिचाऱ्याची.

आणि सोमवारी सकाळी नवे बूट घालून, श्रीनूचा टॉवेल गळ्यात टाकून मी भवानी पेठेच्या मैदानावर हजर!

इरण्णा दोन-चार खेळाडूंबरोबर सावलीत बसला होता. अक्कलकोटकडचा माणूस, बोलण्यात कानडी हेल. "बर्री मास्तर, बर्री! बसा की. आज इकडं कसं काय?"

मी पायावर पाय टाकून बसलो. बूट दिसायला हवे होते. "मग? कधीपासून यायचं?"

"कोण यायचं री?"

"मी."

"तुमी? कशाला?" तो खरोखर काळजीत पडला. "शाळा सुटली काय तुमची?"

"अहो इरण्णा, तुम्ही मला मागितलंय ना! दोन खेळाडू देऊन!"

इरण्णानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्या खेळाडूंकडं. एकजण खोकायला लागला. एकजण उठून नळाकडं गेला.

"मास्तर," इरण्णा फार हळू आवाजात म्हणाला, जसं दवाखान्यात बोलतात तसं, "दोघं मी श्रीनूसाठी द्यायलो होतो की री."

"आणि मी?"

"तुमचं नाव मी न्हाई, नाना काढले. श्रीनू पायजे तर मास्तरला पण घ्यावं लागंल, म्हणले. भाजीवर कोथिंबीर टाकत्यात बगा, तसं. मी बोललो, विचार करून सांगतो."

कोथिंबीर! वाचताय ना? मी, भूगोलाचा शिक्षक, कोथिंबीर!

तिथं उठून यायला हवं होतं. शहाणा माणूस उठला असता. पण माझ्या डोक्यात श्रीनू घुसलेला! मी विचारलं, "मग, झाला का विचार?"

"करायलोय अजून. आता आलावच तर टाकून दाखवा की जरा. आमाला पण सोपं जाईल."

मी टॉवेल बाजूला ठेवला. चेंडू घेतला. मनात म्हटलं, दाखवतोच आता यांना! पहिला चेंडू रिंगच्या मागच्या फळीला लागून माझ्याच कपाळावर आला. दुसरा फळीलाही लागला नाही. तिसऱ्याला मी उडी मारली. नवे बूट आणि ती गुळगुळीत फरशी! मी खाली बसलो आणि चेंडू भिंतीवरून पलीकडं गेला. तिकडून आवाज आला, "कोण हाय बे तिकडं? लस्सीचा मग पाडला की!"

आणि त्यांची रिंग अगदी सरळ होती.

इरण्णानं मला हात देऊन उठवलं, कपडे झटकले, टॉवेल गळ्यात घातला. माणूस सभ्य हो! म्हणाला, "मास्तर, नानांना माझा एक निरोप सांगा. म्हणावं, इरण्णाचा विचार झाला."

"काय सांगू?"

"श्रीनू पण नको, म्हणावं."

मी तिथून निघालो तो थेट नानाच्या दुकानात. मी रागानं फुललेलो. नाना बियाण्याच्या पिशव्या लावत होता. मी दारातूनच ओरडलो, "नाना, त्यांनी मला घेतलं नाही!"

नानाच्या हातातली पिशवी खाली पडली. "न्हाय घेतलं?"

"नाही!"

"खरंच न्हाय? शपथ घ्या!"

"अहो नाही म्हणतोय ना! श्रीनूही नको म्हणाला!"

नाना गल्ल्याला वळसा घालून आला आणि त्यानं मला मिठी मारली. अशी मिठी, की माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. "वाचलो बगा मास्तर! आमचा श्रीनू वाचला!"

मग त्यानं मला खाली ठेवून सगळं सांगितलं. इरण्णा म्हणजे त्याच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं श्रीनूला मागितल्यावर नानाला तोंडावर नाही म्हणता येईना. मग नानानं अशी एक अट घातली, की जी जगातला कुठलाही कप्तान मान्य करणार नाही. आणि मग गावभर बातमी आली, की मास्तरला भवानी पेठ घेणार! नानाला वाटलं, इरण्णानं अट मान्य केली, म्हणजे श्रीनू गेला. तेव्हापासून बिचारा जेवला नव्हता.

"म्हणजे ते तुमचे अश्रू..." मी विचारलं.

"श्रीनूसाठी वो! त्यो गेल्यावर संघात ऱ्हातंय काय?"

मी टॉवेलनं तोंड पुसलं. टॉवेल चांगला होता, तेवढं मात्र कबूल करायला हवं.

तर यंदाही मी शुक्रवार पेठेतच आहे. परवा दुसऱ्या एका पेठेचा कप्तान नानाच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला. सवय वाईट हो! मी धावत आत गेलो. "नाना, कुणाला मागत होता?"

"श्रीनूलाच की," नाना निवांत म्हणाला. "म्या तुमचं नाव काढलं. चहाबी न पिता गेला."