पलीकडचा दरवाजा

विमानातल्या मुली त्यांना ताई म्हणत. पन्नाशी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी कुणी 'हवाईसुंदरी' म्हटलं की कमरेवर हात ठेवून ताई सांगत, "सुंदरी मागच्याच विमानतळावर उतरली बाबा. आता नुसती हवा राहिलीय." त्यांच्या जिभेला विश्रांती ठाऊक नव्हती. उड्डाण रखडलं, प्रवासी कावले, की कॅप्टनसुद्धा म्हणे, "ताई, सांगा काहीतरी." घरी सासूबाई म्हणत, "हिला पगार चहा द्यायचा मिळतो की गप्पा मारायचा, देव जाणे."

ताईंची लाडकी म्हणजे चिमणी. अंगानं एवढीशी, चालणं टुणटुण, म्हणून ते नाव पडलं. विमानाच्या पुढच्या दोन दरवाजांपैकी डावा चिमणीचा, उजवा ताईंचा. दरवाजा लागला की आतला दांडा खाली करायचा. दांडा खाली असताना दरवाजा उघडला, तर फुगणारी घसरगुंडी धाडकन बाहेर पडते. संकटात माणसं तिच्यावरून खाली उतरतात. साधासुधा दरवाजा उघडायचा असेल, तर आधी दांडा वर. आणि आपला दांडा झाला की दुसरीचाही जाऊन बघायचा, स्वतःच्या डोळ्यांनी, मगच अंगठा दाखवायचा. एकीची चूक दुसरीच्या नजरेत सापडावी, म्हणून ही रीत.

त्या दिवशी दरवाजे लागले होते, दांडे खाली होते. तेवढ्यात खालून निरोप आला, सामानाच्या वजनाचा कागद द्यायचा राहिलाय, दरवाजा उघडा. ताईंनी आपला दांडा वर केला आणि त्या पुन्हा कपांची थप्पी सावरायला लागल्या. चिमणीला सांगत असलेली गोष्ट अगदी रंगात आली होती.

"धुक्यात विमान उतरवणारा आपला कॅप्टन, आणि घरी त्याला गाडी मागं घेता येत नाही! मग बायको अंगणात उभी, दोन हातांत दोन बॅटऱ्या..."

चिमणीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "ताई, बघताय ना?" तिनं विचारलंही. ताईंनी मान न वळवता अंगठा वर केला. गोष्टीचा धागा तुटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चिमणीनं दरवाजा ढकलला.

तोफ डागावी तसा आवाज झाला. चिमणीचा दांडा खालीच राहिला होता; करड्या रंगाची ती अजस्र घसरगुंडी फुसफुसत बाहेर पडली. कागद घेऊन येणारा माणूस शिडीच्या अर्ध्यातच होता म्हणून वाचला. पायऱ्यांवर बसकण मारून तो ओरडत होता, "अहो, कागद द्यायला आलो होतो, जीव द्यायला नाही!" चिमणीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं पुसलं गेलं नव्हतं. ते तसंच चिकटून राहिलेलं हसू ताईंना पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं.

उड्डाण रद्द झालं, चौकशी लागली. चिमणी आधी आत गेली. बाहेर आली ती थेट ताईंच्या कानाशी लागली. "मी सांगितलंय, तुम्ही बघितलंत तेव्हा दांडा वरच होता. नंतर माझाच धक्का लागला. तुम्हीही तेच सांगा."

"अगं, पण..."

"पण-बिण काही नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही नव्या मुलींना शिकवायला जाणार. दोघींनी कशाला बुडायचं? मला फार तर परत प्रशिक्षणाला बसवतील."

ताई आत गेल्या आणि म्हणाल्या, "हो, मी पाहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "गॅस बंद केलास का गं?"

"हो," ताई म्हणाल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून आत गेल्या. गॅस चालू होता, दूध करपून पातेलं काळं पडलं होतं. ताई बराच वेळ त्या पातेल्याकडं बघत राहिल्या. मग साडी बदलून तडक कार्यालयात गेल्या आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. मी वळून पाहिलंच नाही. मी खोटं बोलले. आम्ही दोघीही खोटं बोललो. परतताना पाय हलके वाटत होते.

ते हलकेपण संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. साहेबांनी दोघींना बोलावलं. "चूक माणसाकडून होते, तिच्यासाठी प्रशिक्षण आहे. चौकशीत खोटं बोललेलं मात्र चालत नाही." ताई आपण होऊन आल्या होत्या, म्हणून त्यांना समज देऊन ठेवून घेतलं, शिकवायचं काम तेवढं गेलं. चिमणी आपण होऊन आली नव्हती. तिला काढलं.

जिन्यात ती म्हणाली, "ताई, एक फोन करायचा होता. मीही आले असते तुमच्याबरोबर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आपलं मन मोकळं करायच्या घाईत पलीकडं बघायचं आपण पुन्हा विसरलो, हे ताईंना तिथं, त्या पायरीवर कळलं.

त्यानंतर ताईंनी गोष्टी सांगणं सोडलं. समोरच्या दांड्याला हात लावून बघितल्याशिवाय त्यांचा अंगठा वर होईना; नव्या मुली मागं डोळे फिरवत. घरी सासूबाईच कंटाळल्या. "तोंडाला कुलूप घातलंस की काय? घर खायला उठतंय."

चिमणी बॅगांच्या दुकानात लागल्याचं कळलं होतं. ताई तो रस्ता टाळत. शेवटी एका दुपारी मनाचा हिय्या करून आत शिरल्या.

"ताई! बॅग हवीय?"

"माफी मागायला आलेय."

"ती इथं मिळत नाही," चिमणी म्हणाली. मग तिनं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. ती गोष्ट अर्धी राहिली. बायको बॅटऱ्या घेऊन उभी राहिली. पुढं?"

"नको गं."

"सांगा. जिच्यापायी नोकरी गेली, तिचा शेवट तरी कळू दे."

ताई स्टुलावर टेकल्या. "कॅप्टननं गाडी नेमकी कुंडीवर घातली. तर बायको म्हणाली, 'प्रवाशांनी गाडी पूर्ण थांबेपर्यंत बसून राहावं. कुंडी मी उचलते.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"बरी आहे," चिमणी म्हणाली, पण हसली नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती उठली. गिऱ्हाईकाला बॅगेची कुलपं उघडून दाखवणाऱ्या चिमणीकडं बघत ताई तशाच बसून राहिल्या.