तासलेली गाठ

सुरुंग मिस्त्रींना मी एका खिळ्याशी भांडताना पाहिलं आहे. खिळा ठोकताना वाकला. मिस्त्रींनी तो पक्कडीनं उपटला, डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्या सात पिढ्यांची अशी चौकशी केली, की समोरच्या टायरवाल्यानं रेडिओ बंद करून कान दिला. खरं सांगायचं तर त्या भांडणात मला खिळ्याची बाजू पटत होती, कारण घाव तिरका पडला होता. पण तसं बोलायची माझी छाती झाली नाही. गल्लीनं त्यांना सुरुंग म्हणायला सुरुवात केली ती उगाच नव्हे. फक्त खरा सुरुंग एकदाच उडतो.

शाहूपुरीच्या मागच्या अंगाला, दोन गॅरेजांच्या मधे त्यांचं चिंचोळं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. कुऱ्हाडीचे दांडे, पोळपाट, मोडक्या खुर्च्यांचे पाय, असली कामं ते करत. प्लायवूड हा शब्द उच्चारणाऱ्याला पायरी चढू देत नसत. "लाकडाचं पापड लाटत्यात, डिंकानं चिकटवत्यात आन् त्येला कपाट म्हणत्यात! तळून खावा की मग!" हे वाक्य मी निदान वीस गिऱ्हाइकांच्या तोंडावर आदळताना ऐकलं आहे. त्यातली पाच परत आली. बाकीच्यांनी बहुधा तळून खाल्लं.

मी तिथं गेलो तो नाटकापायी. आमच्या हौशी मंडळाला एका पौराणिक नाटकासाठी धनुष्य हवं होतं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मिस्त्री, दिसायला जोरदार पाहिजे. ओढता नाही आलं तरी चालेल."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. मला वाटलं, विचार करताहेत. ते श्वास भरून घेत होते.

"ओढायचं न्हाय? मग कपडे वाळत घालायची काठी न्या की! पावणं, जेवाय बसल्यावर ताटात भाकरीचं चित्र वाढून घेताय व्हय तुमी?"

मी पळ काढणार तेवढ्यात त्यांनी माळ्यावरून एक लाकूड खाली ओढलं. माझ्यापेक्षा उंच, दंडाएवढं जाड, दोन ठिकाणी वाकडं आणि अंगावर तीन मोठाल्या गाठी. मला वाटलं, हे आता माझ्या डोक्यात घालणार. पण त्यांनी ते कुशीत घ्यावं तसं मांडीवर घेतलं. धामणीच्या झाडाचं लाकूड होतं ते, चिवट आणि लवणारं. नेसरीकडं त्यांच्या सासुरवाडीच्या बांधावरचं झाड पडलं होतं. लोक ते चुलीसाठी फोडत असताना मिस्त्रींनी भांडून हा एवढा तुकडा वाचवला आणि चार वर्षं माळ्यावर सावलीत वाळवला. त्यांचे वडील मर्दानी खेळाच्या वस्तादांना धामणीची धनुष्यं करून देत. मिस्त्रींनी तरुणपणी दोन-चार केली होती, पुढं कुणी विचारलंच नाही.

"डाक्टर म्हणतोय उजवा खांदा गेला," ते म्हणाले, आणि डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल चार शब्द खर्चून पुढे म्हणाले, "पार जायच्या आत एक धनुष्य करणार आन् सोता ओढणार. ह्येच्यातनंच. दुसरं लाकूड न्हाय माज्याकडं, आन् तेवढी वरसं बी न्हाईत."

मी विचारलं, एवढं वाकडं कशाला? सरळ लाकूड का नाही घ्यायचं?

"सरळ लाकडाला काय अक्कल लागती? ते तुज्यासारखं. कुणी बी कसं बी तासावं."

त्या क्षणी 'पावणं' गळून पडलं आणि मी कायमचा 'तू' झालो. नावही मिळालं: नाटक्या. दर रविवारी मी जाऊ लागलो. मदत करायला म्हणून जात असे, पण माझं खरं काम शिव्या खाणं हे होतं, आणि ते मी मन लावून केलं. मिस्त्रींच्या रागातच सगळी शाळा होती. धनुष्याची पाठ, म्हणजे सालीखालची बाहेरची बाजू, जशीच्या तशी ठेवायची आणि पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूनंच तासायचं, हे मला "पाठीला हात लावलास तर तुजी पाठ काढीन" या वाक्यातून कळलं. लाकडाची रेघ जिकडं जाईल तिकडं आपण जायचं, आपल्या सोयीनं ती कापायची नाही. रेघ तुटली, की ओढताना धनुष्य तिथंच फुटणार. वाकडेपणा त्यांनी पाण्याच्या हंड्यावर वाफ देऊन हळूहळू वळवून घेतला. त्यासाठी काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, चुलीवर कब्जा केला. काकी म्हणाल्या, "मला कदी एवडी ऊब दिली न्हाईत!" मिस्त्री म्हणाले, "तू कदी वळलीस व्हय?"

असे तीन महिने गेले. वाकड्या ओंडक्यातून एक लवलवीत वस्तू बाहेर येऊ लागली. गाठी मात्र तशाच फुगलेल्या होत्या, सापानं बेडूक गिळावा तशा. नाटकवाल्या माणसाच्या डोळ्यांना ते खुपायचं. आणि एका शनिवारी मिस्त्री लेकीकडं पेठ वडगावला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "उन्हात जाऊ देऊ नगस. आन् हात लावू नगस."

मी हात लावला. मधल्या गाठीचा पाठीवरचा फुगवटा रंध्यानं तासला, कानशीनं घासला, तेल लावलं. गाठ आरशासारखी सपाट झाली. म्हातारा खूश होईल, म्हटलं. रात्रभर मी त्या कौतुकाची तालीम करत होतो.

रविवारी मिस्त्रींनी धनुष्यावरून बोट फिरवलं आणि गाठीपाशी थांबवलं. ओरडायचं सोडून ते तिथंच पुन्हा पुन्हा बोट घासत राहिले. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"कुणी केलं ह्ये?"

"मी. जरा साफ..."

"साफ?" आता तो आवाज आला. गॅरेजमधली माणसं बाहेर आली. "चार वरसं माज्या डोक्यावर वाळत हुतं ते, आन् तू आर्ध्या तासात त्येचं नरडं कापलंस? ती गाठ कुरूप न्हवती रं गाढवा, ती पट्टी हुती! फांदी मोडली तवा झाडानं सोताच्या रेघा तिच्याभवती वळवल्या आन् जखम बांधली. तू पट्टीच फाडलीस!"

"अवो, हळू. खांदा दुखंल," आतून काकी म्हणाल्या.

"खांदा गेला खड्ड्यात!"

मी कसाबसा म्हणालो, "दुसरं लाकूड आणून देतो."

"आन की! धामण आन, चार वरसं वाळीव, मग माज्या राखंला दे ओढाय!"

पुढच्या रविवारी दार बंद असणार, हे धरूनच मी गेलो. दार उघडं होतं. मिस्त्री काचेच्या तुकड्यानं धनुष्याचं पोट खरवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण बोलले.

"त्या जागी आता जोर पडू द्यायचा न्हाय. म्हंजे सगळ्या धनुष्यानं नमतं घ्यायचं. एकजण गाढवपना करतो आन् सगळं घर अर्धपोटी झोपतं, तसं."

एकेक पापुद्रा निघत होता, धनुष्याचा जोर कमी होत होता, आणि प्रत्येक पापुद्र्यामागं ते माझ्याकडं बघून एक शिवी हासडत होते. मी मोजत नव्हतो, पण एकही दुबार आली नाही. शेवटी गाठीवर सरस लावून त्यांनी सुताचा घट्ट वेढा दिला. तो देताना उजवा खांदा साथ देईना. मी दोरा धरायला गेलो, तर माझा हात झटकला.

एका सकाळी आम्ही पंचगंगेकाठच्या मोकळ्या जागेत गेलो. पन्नास पावलांवर गवतानं भरलेलं पोतं उभं केलं. मी म्हणालो, "पहिल्यांदा मी ओढतो. फुटलं तर..."

"सर बाजूला. माज्या हातनं झालंय. फुटलं तर माज्या थोबाडावर फुटंल. तू त्या झाडामागं हो."

मी झाडामागं झालो. त्यांनी ओढलं. खांदा कापत होता, ओठ दाताखाली होता. दोरी हनुवटीशी आली, तिथं अडली, मग आणखी दोन बोटं सरकली. लाकूड बारीक करकरलं. बाण सुटला आणि पोत्याच्या कडेला घुसला. धनुष्य शाबूत होतं. त्यांनी दुसरा बाण लावला, मग तिसरा. मग ते खाली बसले, आणि मी बघतो तर चेहरा संतापानं लाल.

"काय झालं, मिस्त्री?"

"नाटक्या," ते दम खात म्हणाले, "मी केलतं तेवढ्या जोराचं ऱ्हायलं असतं, तर ह्या खांद्यानं मला वीतभर बी ओढाय आलं नसतं. आता तुज्यावर नीट चिडाय बी येईना!"

आणि ते न जमल्यामुळे त्यांनी पायातली चप्पल काढून मला फेकून मारली. नेम उत्तम लागला.

नाटकाला त्यांनी ते धनुष्य दिलं नाहीच. बांबू वाकवून एक काहीतरी दिलं आणि प्रयोगालाही आले नाहीत. त्यानंतर रोज सकाळी ते नदीकाठी पाच बाण मारत, आणि दुकानात येईल त्याला धनुष्य दाखवून सांगत, "ह्या नाटक्यानं बिघडवलंय." सांगताना बोट बरोबर त्या वेढ्यावर असे. तीन वर्षं हा कार्यक्रम चालला. गेल्या वर्षी ते गेले. मी काकींना भेटायला गेलो, तेव्हा धनुष्य दोरी उतरवून खुंटीला होतं. माझी नजर तिकडं गेलेली काकींनी पाहिली.

"मागू नगस," त्या म्हणाल्या. "माणूस गेलं. त्येंचा राग तेवढा ऱ्हायलाय घरात."

आता मी धनुष्यं करतो. घराच्या गॅलरीत, शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकत. आजवर पाच केली आणि पाचही बिघडवली. परवा एक सुशिक्षित पाहुणे आले, पाचवं हातात घेऊन मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "वा! काय सुंदर फिनिश आहे!" माझं डोकंच फिरलं. "अहो, सुंदर काय? इथं रेघ तुटली आहे, दिसत नाही तुम्हाला?" मी असा काही गरजलो, की ते चहा अर्धा टाकून गेले. बायको म्हणाली, बिचाऱ्यानं कौतुकच तर केलं होतं.

केलं होतं ना, तेच तर! सगळेच कौतुक करतात. माझी चूक माझ्या तोंडावर ओरडून सांगणारा माणूस या गावात उरला नाही, आणि याचा संताप मी काढायचा कुणावर, एवढं शिकवायचं मिस्त्रींचं राहून गेलं.