भाकऱ्या थांबल्या तो रविवार

धुळ्याबाहेर हायवेवरच्या एका हॉटेलात मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकऱ्या थापायचे. शेजारच्या भट्टीवर आमचे मुख्य आचारी उभे असत. जामनेरकडचे, माझ्याहून थोडे मोठे; सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांची शेवभाजी खायला लोक जळगावहून गाडी काढून येत.

सुट्टी मात्र कुणालाच नव्हती. दुपारची गर्दी ओसरली की मालक, आमचे शेठ, स्वतःच सगळ्या आचाऱ्यांसाठी दारूची बाटली आत पाठवायचे. "अंग मोकळं होतं," म्हणायचे. ती पोटात गेली की माणसं संध्याकाळसाठी पुन्हा भट्टीसमोर उभी राहत. भाऊ सुरुवातीला घोटभरच घ्यायचे. पुढे सकाळी आल्या आल्या लागायला लागली.

एका रविवारी, हॉल भरलेला असताना, भाऊंच्या हातून उकळता रस्सा निसटला आणि त्यांच्याच पायावर सांडला. मी पायावर पाणी ओतत होते. ते मान खाली घालून म्हणाले, "अक्का, हातच ऐकत नही."

तेवढ्यात शेठ दारात आले. "दोन घोट द्या त्यांना, उभे राहतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तवा खाली उतरवला, हात धुतले.

"शेठ, आता भाकरी होणार नाही."

"अक्का, बाहेर बठ्ठा हॉल भरेल शे, गिऱ्हाईक बसेल शे!"

"बसू द्या. भाऊंना आत्ता दवाखान्यात न्या. यापुढे बाटली आत यायची नाही आणि सगळ्यांना आठवड्याची सुट्टी. कबूल असेल तर तवा चढवते."

बोलले खरी, पण घर माझ्या एकटीच्या कमाईवर चालत होतं. तोच पोळ्या लाटणाऱ्या दोघी उठून माझ्याजवळ आल्या. मग भांडी घासणारी. शेठनी आमच्याकडे पाहिलं, "कबूल," म्हणाले आणि गाडीची चावी काढली.

पाय लवकर बरा झाला. दारू सुटायला फार वेळ लागला. भाऊ सरकारी दवाखान्यात राहिले, घरी आले, पुन्हा प्यायले, पुन्हा गेले. त्यांच्या बायकोने आणि मी त्यांचा पिच्छा सोडला नाही.

आता धुळ्यातल्या देवपुरात त्यांची स्वतःची छोटी खानावळ आहे. परवा मी गेले तर त्यांनी मला बसवून स्वतः वाढलं आणि शेजारच्या टेबलावरच्यांना म्हणाले, "ही मनी बहीण शे."

त्या जुन्या हॉटेलात आजही सगळ्यांना आठवड्याची सुट्टी मिळते. ती कुणी मिळवली, हे मी न लाजता सांगते.