शिकवणीची खाट

मुलांनो, तुमच्यातली थोरली आता डॉक्टरीच्या वर्गात गेली आहे. परवा फोनवर ती मला उत्साहाने सांगत होती, की आज वॉर्डात फार छान केस पाहायला मिळाली. आणि फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, मोठ्या आजीने लग्न का नाही केलं? दोन्ही गोष्टी एकाच फोनवर झाल्या, म्हणून हे आत्ता लिहिते आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं, पण ही हकिकत मी इंग्रजीत एकदा मोठ्या आजीच्या खाटेशेजारी उभी राहून ऐकली आहे. पुन्हा त्या भाषेत नको.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं होतं. अमडापूरला दिलं होतं, शेतीवाडीचं घर. तिला एक मुलगी झाली. मुलगी तीन वर्षांची असताना दुसरं बाळंतपण अडलं. सुईण दोन दिवस पोट चोळत राहिली. खामगावहून डॉक्टर आणता आला असता, पण तो पुरुष, म्हणून सासूने आणू दिला नाही. मूल मेलेलंच आलं. आत जखम होऊन लघवीच्या पिशवीला भोक पडलं आणि तेव्हापासून लघवी सारखी गळू लागली. उठता, बसता, झोपेत.

सासरच्यांनी तिला गोठ्याशेजारी गोणपाटावर ठेवलं. जेवण उंबऱ्यापाशी ठेवून जात. मी आईबरोबर तिला भेटायला गेले तेव्हा तिची मुलगी अंगणात नाक धरून उभी होती. तिला तसं शिकवलं होतं. "मायच्या अंगाले वास येते," ती मला म्हणाली. माझी बहीण हसली. मुलगी आपल्याशी बोलत नाही, निदान आपल्याविषयी बोलते, एवढ्यावर ती हसली.

आमचे वडील खामगावला कचेरीत कारकून होते. साहेबी कारभारावर त्यांची फार श्रद्धा. प्रांतातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी दवाखान्यात, जिथे डॉक्टर तयार करतात, तिथे हे भोक शिवतात असं त्यांना कळलं. सासरकडून परवानगी मिळाली ती एका अटीवर: हात लावेल ती डॉक्टरीणच. वडिलांनी शब्द दिला. बरी होऊन आली तर घरात घेऊ, असं सासूनेही कबूल केलं. माझ्या बहिणीला घराचं काही नव्हतं, तिला मुलगी हवी होती.

आईला दिवस गेलेले, त्यामुळे सोबतीला मला पाठवलं. मी मिशनच्या शाळेत जात होते, इंग्रजी कळायचं, म्हणून वडिलांना मी सोयीची वाटले.

दवाखान्यात कळलं की डॉक्टरीण बाळंतपणं करते, हे शिवण्याचं काम मोठे साहेबच करतात. आणि ती खाट शिकवणीची. म्हणजे औषधपाणी सगळं फुकट, पण विद्यार्थी येऊन पाहणार, साहेब त्यांच्यासमोर शिकवणार. विद्यार्थी सगळे मुलगे. वडील दारात घुटमळले. बहीणच म्हणाली, "पाहू द्या. पण बाबा, अमडापूरला कळू देऊ नका. डॉक्टरणीने केलं म्हणा."

"सांगतो की काय मी? वेडी आहेस का?" वडील म्हणाले आणि नोकरीवर परत गेले.

रोज सकाळी वर्ग यायचा. बुटांचे आवाज जिन्यात आले की बहीण मला हाक मारायची. तिचा पदर तिच्या तोंडावर मी दोन्ही हातांनी ताणून धरायचा, असं आमचं ठरलं होतं. तोंड दिसलं नाही म्हणजे हे कोणाचं शरीर आहे हे कोणालाच कळत नाही, असं ती म्हणायची. खालून चादर दूर व्हायची. मी भिंतीकडे बघत असे, पण कान कुठे नेणार?

पलीकडच्या खाटेवर एक बागवानीण होती, आमच्याच भागातली, फळं विकणारी. तिलाही हाच आजार आणि दोनदा शिवून टाके तुटलेले. ती तोंड झाकत नसे. "काऊन झाकतं वो बाई?" ती म्हणायची, "तोंडाले त काहीच नाही झालं." आणि विद्यार्थ्यांना, "पाहा बे पोट्टेहो, चांगलं पाहा. घरी जाऊन मायले सांगा, तू कुठून आणलं मले ते पाहून आलो." त्यातल्या एकाला मराठी कळायचं. तो लाल व्हायचा. बाकीचे लिहून घेत राहायचे.

साहेब वाईट नव्हते. त्यांचा हात कसबी होता. पण ती खाटेवर आहे हे त्यांना कधी आठवत नसे. एकदा त्यांनी पट्टी लावून भोकाचं माप सांगितलं आणि म्हणाले, खेड्यातली सुईण आपल्याला अशी देणगी देत असते. मुलं हसली. मग म्हणाले, पहिल्या खेपेला जमलं नाही तर हरकत नाही, ही पुढच्या वर्गाच्याही उपयोगी पडेल.

पदराखालून तिने मला विचारलं, "काय म्हणाले गं?"

"बरी होशील म्हणाले."

ऑपरेशनच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांचे बाक होते. तिथे मला येऊ दिलं नाही. तिथे तिचा पदर कोणी धरला नाही.

मग रबरी नळी लावून तिला उताणं निजवून ठेवलं. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही. नळी काढली त्या सकाळी तिला उभं केलं. बागवानीण ओरडली, "चाल! कोरडी राह्यली त पेढे खाऊ. ओली झाली त माह्या बाजूची खाट हायेच." ती वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. फरशी कोरडी होती. बागवानिणीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आगगाडीतून उतरल्यावर वडील आम्हाला बैलांच्या दमणीत घालून परस्पर अमडापूरला घेऊन गेले. सासूने ओसरी ताजी सारवून ठेवली होती. सुनेला म्हणाली, "बस इथी. उठू नको." हीच तिची तपासणी. माझी बहीण दुपारभर सारवणावर बसून राहिली. चहा झाला, पानसुपारी झाली. शेवटी सासूने तिला उठवलं, वाकून जमीन पाहिली, हाताने चाचपली आणि आतल्या दाराकडे हाक मारली, "ये वो पोरी. जाय, मायजोळ जाय."

मुलगी आली. अर्ध्या ओसरीपर्यंत आली आणि थांबली. हात नाकाशी नव्हता. माझ्या बहिणीने नुसते हात पुढे केले, बोलावलं नाही.

त्या क्षणी माझ्या वडिलांना राहवलं नाही. इतक्या मोठ्या ठिकाणी आपल्या मुलीचं काम झालं, ह्याचा त्यांना अभिमान होता आणि तो इतके दिवस त्यांनी कसाबसा दाबून धरला होता. ते जावयाला म्हणाले, "तुम्हाला कल्पना नाही. खुद्द मोठ्या साहेबांनी, अख्खा वर्ग समोर बसवून! ह्या आजाराची शिकवण त्यांनी आपल्याच मुलीवर दिली. उद्या प्रांतभर जे डॉक्टर होतील, ते सगळे हिच्यावर शिकलेले."

सासूने विचारलं, "वर्ग म्हंजे? माणसं होते?"

"विद्यार्थी हो. डॉक्टरच ते."

"माणसं होते का बाया?"

वडील समजावू लागले, विज्ञान म्हणाले, विलायत म्हणाले. जावई उठून गोठ्याकडे निघून गेला. सासू शांत होती. तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मंग त्याइलेच द्या. वर्गभर नवरे हायेत तिले. माह्या पोराले एकटीच पाह्यजे." आणि आत जाऊन दार लावलं.

परतताना वडील सारखे म्हणत होते, "अडाणी लोक. अडाणी." अर्ध्या वाटेवर माझी बहीण म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं तुम्हाला." त्यानंतर तो विषय तिने कधीच काढला नाही. वडील मात्र कचेरीत ती हकिकत निवृत्त होईपर्यंत सांगत, अमडापूरचा भाग गाळून.

जावयाने त्याच उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं. मुलीला सांगितलं, तुझी माय दवाखान्यात मेली. ती मोठी झाली तशी आम्ही तिला दोनदा निरोप धाडले. दुसऱ्या वेळी तिचं उत्तर आलं, की मेलेल्या बाईच्या नावाने कोणी मागायला येऊ नये.

थोरले, तुझ्या दवाखान्यात माणसं बरी होतात, हे मी नाकारत नाही. तुझी मोठी आजी तिथेच बरी झाली. त्यानंतर तिची चादर एकदाही ओली झाली नाही. साहेबांचे ते विद्यार्थी जिल्ह्याजिल्ह्यांत गेले आणि त्यांनी अशा कितीतरी बायका शिवल्या असतील. हे सगळं खरं आहे.

दवाखाना आहे, वाढला आहे, वर्ग अजून भरतात. माझी बहीण खामगावला माझ्याकडे मागच्या खोलीत असते. तिची मुलगी सुलतानपूरला दिली होती, तिथेच आहे, तिला नातवंडं झाली आहेत. दोघीही हयात आहेत.