कुलदीपची चिलखती गाडी

उंद्रीच्या कुलदीपचं लग्नाचं वय कधी निसटलं ते त्यालाही कळलं नाही. थोडं भरतीच्या मैदानावर धावण्यात गेलं, उरलेलं वांगी-मिरचीच्या वाफ्यांत. जमीन ओलिताची, पोरगा निर्व्यसनी. पण मुलीच्या बापांना हल्ली जावई नोकरीतलाच लागतो, मग तो कुठे का शिपाई असेना!

फौज हुकली तरी फौजेचं वेड सुटलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातल्या एका चिलखती गाडीची छोटी प्रतिकृती त्यानं ऑनलाइन मागवली होती. ओतीव धातूची, तळहातावर मावणारी, वरची तोफ गोल फिरणारी. लढाईतली गाडी कोरी करकरीत शोभत नाही, म्हणून वावरातली काळी माती कालवून त्यानं ब्रशनं चाकांना लावली. ती टीव्हीच्या कपाटात असे. राबून आलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट आवडत होती, त्यात कोणाचं काय बिघडत होतं?

होळीनंतर कारभारीमामांनी जळगाव जामोदकडची समीक्षा सुचवली. मुलगी पाहून झाली, दोघं फोनवर बोलू लागले, आणि कुलदीप गालातल्या गालात हसत मिरचीला पाणी देऊ लागला. आता फक्त मुलीकडच्यांनी घर पाहायचं बाकी होतं.

पाहुणे आले. चहा झाला. समीक्षाची आत्या उठून घरभर नजर फिरवत कपाटापाशी थांबली.

"हे खेळणं कोणाचं हो? चाकाले चिखल लागेल हाय. लेकरू तं दिसत नाही घरात."

सगळे कपाटाकडे बघू लागले. पहिली बायको आणि लेकरू लपवून दुसरं लग्न लावणारे महाभाग सगळ्यांनीच ऐकलेले असतात. कुलदीपनं तोंड उघडलं. पण होणाऱ्या सासऱ्यासमोर, या वयात, हे माझं खेळणं म्हणून कसं सांगायचं? तेवढ्यात त्याची आई सोजराबाई बोलून गेली, "शेजारच्या जनकाबाईच्या नातवाचं हाय. दिवसभर इथंच खेळते पोरगं."

कुलदीपचा जीव भांड्यात पडला. त्यानं मुकाट्यानं मान डोलावली.

पण चौकशी केल्याशिवाय कोणी सोयरीक करतं का! जाताना आत्या पाणी मागायच्या निमित्तानं जनकाबाईच्या ओट्यावर टेकली आणि नातवाची विचारपूस करू लागली.

"नातू?" जनकाबाई कडवट हसली. "माह्या पोराचं लगनच जमून नाही राह्यलं, नातू कुठून येईन, बाई?"

संध्याकाळी कारभारीमामांचा फोन आला. "कोणाचं लेकरू लपवून राह्यला बे?"

"मामा, ते गाडी माही हाय. मले आवडते म्हणून घेतली."

"सांगाले काही बरं तं शोध!" मामांनी फोन ठेवला.

समीक्षानं मात्र त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग तवाच काऊन नाही सांगतलं? सगळ्याइसमोर मान हालवली तुम्ही." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

दिवाळी येईस्तोवर नसलेल्या त्या लेकराला गावानं आईसुद्धा मिळवून दिली. कोणी म्हणे ती संभाजीनगरला असते, कोणी म्हणे पुण्याला. मामांनी स्थळं आणणं बंद केलं. विचारायला जावं तर लोक आधीच हात जोडत. कुलदीपनंही मग नाद सोडला. आपलं लग्न होणार नाही, हे त्यानं पुरतं ओळखलं होतं.

एका दुपारी मायलेक मिरची तोडत होते. सोजराबाईचा हात थांबला.

"कुलदीप, खरंच असं काही असन तं मले सांग, बापू. मी कोणाले काही म्हणणार नाही."

"काय, माय?"

"लेकराले घरी घेऊन ये. मी सांभाळीन त्याले."

कुलदीपनं वळून पाहिलं. खोटं तिचंच होतं, तिला ते चांगलं ठाऊक होतं, तरी ती आशेनं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही वं माय," तो म्हणाला. "कोणीच नाही."

तेव्हा सोजराबाई वाफ्यातच खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडू लागली.