सात गोटे आणि प्रेमाचा टोप

प्रेमाला आयुष्यात पहिला आराम मिळाला तो थेट किर्गिझस्तानात, आणि तोही मुलाने बुक करून दिलेला. मुलाने दिलेल्या आरामाला आईला नाही म्हणता येत नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. तिचा नवरा दशरथ परळला गिरणीत होता. गिरणी बंद पडली, लालबागची खोली विकून ही मंडळी इकडे आली, आणि दशरथ खिडकीत बसून गिरणी पुन्हा सुरू व्हायची वाट बघू लागला. बघता बघताच गेला. प्रेमाने वाट बघितली नाही. चाळीतल्या नगरच्या शेजारणीकडून ती कुरडया शिकली होती, त्या तिने विकायला काढल्या. "मालवणची बाई कुरडया काय करणार?" असं म्हणणारी आमची सोसायटी गेली तीस वर्षं तिच्याच कुरडया खाते आहे, आणि दर वर्षी "हिंग जरा कमी पडला का गं?" असं विचारून खाते.

होळी झाली की तिच्या बाल्कनीत गहू भिजत पडतो. तीन दिवस मजल्यावर आंबूस वास. नवीन भाडेकरू गॅसवाल्याला फोन करतात. मग गहू वाटायचा, गाळायचा, आणि तो चीक गच्चीवर मोठ्या टोपात हाटायचा. हात क्षणभर थांबला की खाली लागलाच. टोप एवढा मोठा की लहानपणी सुयोगला त्यातच आंघोळ घालायची. याच कुरडयांवर सुयोग इंजिनिअर झाला. इंजिनिअर झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आईला कष्ट पडतात.

"आई, साठ झाली तुला. आता बास. हे तुझं फिरायचं वय आहे."

फिरायचं वय त्याने नेमकं कुरडयांच्या दिवसांत काढलं. सहलीच्या पत्रिकेवर लिहिलं होतं, 'वसंतोत्सव विशेष! भटक्या संस्कृतीचा अस्सल अनुभव, खास ज्येष्ठांसाठी!' एकटी कशी जाणार, म्हणून सोबतीला मी. माझ्या यजमानांनी इतक्या आनंदाने परवानगी दिली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

विमानतळावर तिची सून दीप्ती वाकून नमस्कार करता करता म्हणाली, "आई, परत आलात ना, की बाल्कनी ओळखणारच नाही तुम्ही!"

विमानात पट्टा लावल्यावर प्रेमा म्हणाली, "माणिक, बाल्कनीत माझो टोप असा."

"आहे ना मग."

"आता असा. रवतलो काय?"

पुढचे पाच दिवस तिने डोंगर, तळं, बर्फ सगळं बघितलं. डोळ्यांसमोर टोपच होता.

पाडवा बिश्केकच्या हॉटेलात झाला. आमचा टूर लीडर केयूर, बोरिवलीचा, उत्साही. त्याने सेल्फीच्या दांड्यावर स्टीलचा ग्लास उपडा घालून गुढी उभारली. मी हात जोडले. ब्रह्मदेवाने एवढं जग निर्माण केलंय, तेवढं समजून घेईल.

दोन दिवसांनी त्यांचं नवं वर्ष, नोरूझ. प्रवाशांसाठी एका गावात उत्सव मांडला होता. मांडला होता हाच शब्द बरोबर. जाड लोकरी नमद्याचे पांढरे तंबू, उंच पांढऱ्या टोप्या, आणि झुडपाच्या फांद्यांचा धूर घेऊन आमच्याभोवती ओवाळणाऱ्या पोरी. तो धूर मात्र मला मनापासून आवडला, आपल्याकडे दृष्ट काढतात तसा. बाकी पाहुण्यांना घोड्यावर बसवत होते, उतरवत होते, पुढचा बसवत होते. 'पोलोसारखा खेळ' असं पत्रिकेत लिहिलं होतं. तो बकऱ्याचं धड घेऊन खेळतात, हे लिहायला जागा पुरली नसावी.

पाच दिवस मी देवाच्या आणि ठेपल्यांच्या भरवशावर काढले होते. त्या गावात पहिल्यांदा शाकाहारी काही दिसलं. मोठी कढई, चुलीवर. अंकुर आलेल्या गव्हाचा रस, पीठ, तेल, आणि अखंड ढवळणं. त्याला सुमोलोक म्हणतात. गावच्या बायका पहाटेपासून ढवळत होत्या. प्रवाशांसाठी त्यातला दहा ते साडेदहा एवढा भाग राखून ठेवला होता. प्रत्येकाने वल्ह्यासारखा दांडा तीनदा फिरवायचा, फोटो काढायचा, आणि स्वच्छ धुतलेला एक गोटा मनात इच्छा धरून कढईत सोडायचा.

आम्ही एकवीस जण, गोटे सात. केयूर म्हणाला, "एका गोट्यात तीन-तीन घ्या ना, प्लीज." शेअर रिक्षासारखं. देवाकडे मी कधी मागत नाही, तर कढईकडे काय मागू? पण माझ्या गोट्यातल्या दोघींनी गुडघे मागितले, तेव्हा मीही माझे जोडून दिले.

प्रेमा या एकवीस जणांत नव्हती. गावात शौचालय एक आणि तिला धरून ज्येष्ठ नागरिक बावीस. ती रांगेत शेवटची.

सगळे बकऱ्याचा खेळ बघायला गेले. मी अर्ध्यातून परत फिरले. कढईशी आले तर ढवळणारी पोरगी बाजूला फोनवर, दांडा प्रेमाच्या हातात, आणि बाकावर ओळीने मांडलेले सात गोटे.

"प्रेमा! हे काय केलंस?"

"बघ गे बाये! येवढे येवढे खडे! गहू निवडून घेवक नको? ह्यांका कोण बोलणारा नाय म्हणान!"

"अगं, ते इच्छेचे आहेत!"

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. माझ्या गुडघ्यांच्या आहेत त्यात!"

तेवढ्यात केयूर धावत आला. "काकू, नाही ना यार! वाट लागली. एकवीस लोकांच्या विशेस होत्या त्या!"

"मग धुवन घालतंय परत. ओरडतस कित्याक?"

त्याच्या मागून बुरूल आपा आल्या. कढई त्यांची. सत्तरी उलटलेल्या, फोटोपुरता भरजरी झगा, त्याच्या आत दोन स्वेटर. त्यांनी गोटे बघितले, प्रेमाला बघितलं, आणि बोलू लागल्या. केयूरचा मोबाइल भाषांतर करतो. प्रामाणिकपणे नाही, पण करतो. एकदा काढलेला गोटा परत घालत नाहीत. गोटे तळाशी फिरतात म्हणून खाली लागत नाही. आता लागेल. तेव्हा गोट्यांचं काम हिने करायचं, चार वाजेपर्यंत.

नियम त्यांनी तिथेच केला असावा. सासूबाईंचे नियम मी ओळखते.

केयूर गयावया करू लागला, "काकूंचं वय..." प्रेमाने जॅकेटवरून पदर खोचला आणि दांडा तळापर्यंत घातला. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसला. आपा शेजारी उभ्या राहून बघत होत्या. दोन फेऱ्यांनंतर त्यांनी सूचना करायला उचललेलं बोट खाली घेतलं. जर्मन जोडप्याने प्रेमाला गावचीच समजून भरपूर फोटो काढले. अस्सल अनुभव.

दीडच्या सुमारास सुयोगचा व्हिडिओ कॉल आला. प्रेमाचे दोन्ही हात दांड्यावर, म्हणून फोन केयूरने धरला.

"आई, मजा करतेस ना? आराम कर हां!"

"करतंय."

त्याच्या मागे बाल्कनी दिसत होती. मोकळी. सुतार फळी मोजत होता. आणि दाराशी, पोत्यावर उपडा घातलेला टोप.

"सुयोग, टोप दारात कित्याक?"

"अगं, भंगारवाला येतोय. मला इथे ऑफिसचं टेबल करायचंय. आणि तुला तरी कशाला हवाय आता? पुन्हा ते राबणं..."

प्रेमाचा हात थांबला नाही. आवाज तेवढा बदलला.

"आयक. ह्या गावचा नव्या वर्साचा जेवण माझ्या हातात असा. हात थांबवलंय तर करपतला, म्हणान हय उभी असंय. नायतर विमानान इलंय असतंय."

"आई, तुला आरामाला पाठवलं होतं ना!"

"हो माझो आराम. दिसता मा? टोप आत घे. टेबल त्याच्या बाजूक कर."

"अगं पण जागा..."

इथे बुरूल आपांनी केयूरच्या हातातून फोन घेतला. एकही शब्द त्यांना कळला नव्हता, पण आई ढवळते आहे आणि मुलगा वाद घालतो आहे, एवढं कुठल्याही देशात दिसतं. त्या दोन मिनिटं किर्गिझमध्ये बोलल्या. केयूरने भाषांतराचं बटण दाबलं नाही.

"हो," सुयोग म्हणाला. "हो, आजी."

टोप उचलून आत नेताना आम्ही पडद्यावर बघितला. भंगारवाल्याची बेल फोनमध्येच वाजली.

चारला कढई उतरली. तांबूस, दाट, साखर न घालता गोड. तळाला करपल्याचा ठिपका नाही. आपांनी तळवे उघडून प्रार्थना केली, चेहऱ्यावरून फिरवले, आम्हीही फिरवले. पहिला वाडगा प्रेमाला. सात गोटे त्यांनी रुमालात बांधून तिच्याच ओटीत घातले. म्हणजे एकवीस जणांच्या इच्छा एकटीच्या पदरात. गटातल्या काहींनी अभिप्रायाच्या फॉर्मवर ते रीतसर लिहिलंही आहे.

आता सुयोग ऑफिसचं काम टोपाला गुडघे लावून करतो. कुरडया यंदा उशिरा निघाल्या, पण निघाल्या. रविवारी गच्चीवर चीक हाटायला प्रेमाने त्यालाच उभं केलं.

"आई, खाली दगड लागतायत गं!"

"लागांदेत. सोऱ्यात घालूच्या आधी काढतंय. तू हाटत रव."

माझे गुडघे होते तसेच आहेत. तरी पाच जिने चढून गेले, चिकाची वाटी आणली, आधी देवापुढे ठेवली आणि मग चाखली.

हिंग जरा कमी होता.