चार भाषांतला खेकडा

दादाची आणि माझी शेवटची भेट नामपल्लीजवळच्या दवाखान्यात झाली, तो जायच्या आदल्या आठवड्यात. तो खिडकीशेजारच्या खाटेवर होता आणि मी मोसंबी सोलत बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या चाचांनी सहज विचारलं, "मास्टरसाब, तुमकू बी सरतानइच है क्या?" दादा म्हणाला, "हौ चाचा, सरतान है. पेट का." चहात साखर आहे म्हणावं इतक्या साधेपणाने. माझ्या हातातली फोड हातातच राहिली. सरतान म्हणजे कॅन्सर. त्याचा रिपोर्ट मी स्वतः वाचला होता, तरी आम्हा भावंडांत इतके महिने 'पोटातली जखम' एवढंच चालू होतं.

दादा अंबरपेठेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. वर्गात तेलुगू मुलं, उर्दू मुलं, आमच्यासारखी मराठवाड्याकडची एखाद-दोन. म्हणून प्रत्येक शब्द चार भाषांत लिहायचा आणि शेंग सोलावी तसा सोलून दाखवायचा. विद्यानगरच्या घरात सोफा यायच्या आधी फळा आला होता. वहिनी म्हणायची, माझं लग्न एका माणसाशी आणि चार शब्दकोशांशी झालंय. तो गेल्यावर त्याची जुनी विद्यार्थिनी रेहाना भेटायला आली. तिने सांगितलं की कॅन्सर हा शब्दही सर वर्गात असाच सोलायचे. ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. लॅटिनने तोच खेकडा घेऊन कॅन्सर म्हटलं, अरबीत सरतान म्हणजे खेकडाच, आणि आपला कर्क तरी दुसरा कोण? फक्त जुनी तेलुगू माणसं राचपुंडु म्हणायची, राजाचं गळू. "नाम से क्या डरना, केकड़ा है," असं म्हणून सर हसायचे म्हणे... घरात हा शब्द त्याने कधी सोलला नव्हता.

त्याला कारण आई. आमचं घर बुद्धवंदनेचं. नवस नाही, उतारा नाही. दारात लिंबू पडलेलं दिसलं तर त्याचं सरबत करणारी माणसं आम्ही. पण आईला पोटाचा आजार निघाला तेव्हा बाबांनी डॉक्टरांच्या कागदाची घडी केली आणि आम्हाला सांगितलं, हे नाव घरात काढायचं नाही. आम्ही ते काढलं नाही. आई पलीकडच्या खोलीत कण्हायची आणि आम्ही 'तसलं काहीतरी' म्हणत राहायचो. ती गेली, बाबाही गेले, पण बंदी कुणी उठवलीच नाही. भूत नाही मानत म्हणणारे आम्ही एका शब्दाला मात्र जन्मभर भ्यायलो.

त्या दिवशी दवाखान्यात चाचांना डुलकी लागल्यावर मी दादाला विचारलं, त्यांना सरतान सांगतोस आणि मला जखम? तो खिडकीकडे बघत म्हणाला,

"उर्दूत तो नुसता आजार असतो, माय. मराठीत म्हटलं की आईची खोली दिसते."

मग माझा हात धरून म्हणाला, "आई झाली, मी झालो... तू तपासून घे."

मी हो म्हटलं, पण गेले नाही. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, घरात दोघांना झालंय, तुम्ही उशीर करू नका. तरी नाही. जेवण झालं की हात आपोआप पोटावर जातो आणि जरा दुखलं की आईचं कण्हणं ऐकू येतं. मला भीती वाटते. एवढं साधं वाक्यसुद्धा मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

परवा माझ्या लेकीला, प्रज्ञाला घेऊन विद्यानगरला गेले. फळ्यावर दादाने शिकवणीच्या मुलांसाठी लिहिलेला शेवटचा शब्द अजून आहे: पेशी, कणम्, खलिया, सेल. वहिनी कुणाला पुसू देत नाही. प्रज्ञा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचं मराठी वाचणं चाचपडत चालतं. ती "पे...शी" असं वाचत होती आणि तिच्या पाठीकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "मला कर्करोगाची तपासणी करायचीय."

ती वळली. "मम्मी, कर्करोग बोले तो?"

घरात तो शब्द कधी निघालाच नव्हता, तर तिला तो कुठून माहीत असणार? अजूनही विषय बदलता आला असता.

"कर्क म्हणजे खेकडा," मी म्हटलं. "कॅन्सर. आजीला झाला, मामाला झाला, तोच."

तिचा चेहरा उतरला. तिने एवढंच विचारलं, "कधी जायचं?" मी म्हटलं, "उद्याच." मग दादाच्या डबीतला खडू घेऊन त्याच्या पेशीखाली मी तो शब्द मराठीत लिहिला. दुसरा क वाकडा आला. वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून आली. फळ्याजवळचं फडकं तिने उचललं, तो शब्द मोठ्याने वाचला, आणि फडकं परत खिळ्याला अडकवलं.